हात बिघडला नव्हता, सेटिंग बदलली होती

आजचा भाग छोटा आहे. विषय ऐकून हसाल, कारण विषय आहे माऊस. तोच तो, टेबलावर सरकवायचा.

माझे काका मेहकर तालुक्यातल्या एका गावात सेवा केंद्र चालवतात. उत्पन्नाचे दाखले, सातबारा, पीक विम्याचे अर्ज, सगळं तिथंच. वय अठ्ठावन्न. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. त्यानंतर काकांनी कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडे नेला आणि विंडोज ११ टाकून घेतलं. फाइल्स सगळ्या परत आल्या. चार दिवसांनी मला पुण्यात फोन.

"बाबू, माह्या हाताचं काही खरं नाही. माऊस धरला की बाण भलतीकडंच पयते. उद्या अकोल्याले डॉक्टरले दाखवतो म्हणतो."

झालं असं होतं की एका पोरीच्या अर्जात तालुका चुकीचा निवडला गेला. ड्रॉपडाऊनमध्ये एक ओळ खाली क्लिक झालं, बस्स. अर्ज परत आला, पोरीला दुसऱ्यांदा चक्कर पडली. काका मनातून खचले होते. केंद्र दुसऱ्याला चालवायला द्यायचा विचार सुरू होता.

मी व्हिडिओ कॉल लावला. आधी म्हटलं, "काका, कागदावर सही करून दाखवा." सही नेहमीसारखीच, एकदम ठसठशीत. "चहाचा कप उचला." कप स्थिर. म्हटलं, अकोल्याचं नंतर बघू, आधी कॉम्प्युटर बघू. (हे मात्र लक्षात ठेवा: कप धरतानाही हात थरथरत असेल, तर सेटिंग शोधत बसू नका, डॉक्टरकडेच जा.)

मग आम्ही क्रमाने गेलो. तुम्हीही असंच जा.

एक, माऊस आणि टेबल. चकचकीत सनमायका किंवा काचेवर ऑप्टिकल माऊस उड्या मारतो. खाली साधी वही ठेवली. फरक नाही. यूएसबीचं दुसरं पोर्ट लावून पाहिलं. तरी तेच.

दोन, स्पीड. बाण ऐकत नसेल तर कीबोर्ड वापरा. विंडोज आणि आय दाबलं की सेटिंग्ज उघडतं. तिथं 'ब्लूटूथ अँड डिव्हाइसेस', मग 'माऊस'. टॅब, बाणाच्या कळा आणि एंटर एवढ्यावर काम होतं. पॉइंटर स्पीड १ ते २० असतो, मुळात १० वर. काकांचा १० वर होता. आम्ही ६ वर आणला.

तीन, आणि खरी गोम इथं होती. विंडोज आणि आर दाबा, main ऐवजी काय लिहायचं ते नीट ऐका: 'मेन डॉट सीपीएल', इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता. एंटर. माऊसची जुनी खिडकी उघडते. 'पॉइंटर ऑप्शन्स'मध्ये 'एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन' असं एक खूण करायचं घर आहे. नाव अचूकतेचं, पण काम वेगळं. हात हळू सरकवला तर बाण थोडा जातो. तेवढंच अंतर झटक्यात सरकवलं तर बाण बराच लांब जातो. ज्याला सवय आहे त्याला बरं वाटतं. ज्याला नाही, त्याला वाटतं हात आपला राहिलाच नाही. खूण काढली.

चार, डबल क्लिक. त्याच खिडकीत 'बटन्स'मध्ये त्याचा स्पीड आहे. काकांचे दोन क्लिक सावकाश पडतात. त्यामुळे फाइल उघडायच्या ऐवजी तिचं नाव बदलायचा चौकोन यायचा. स्पीड कमी केला.

काकांनी माऊस हलवला. दोन सेकंद गप्प. मग म्हणाले, "अरे, हा तर आपलाच माऊस हाय!"

आता माझी चूक सांगतो. चार वर्षांपूर्वी दिवाळीत घरी गेलो होतो तेव्हा या तिन्ही सेटिंग्ज मीच त्यांच्या हाताप्रमाणे लावून दिल्या होत्या. सांगितलं नाही, कुठं लिहून ठेवलं नाही. दुरुस्तीवाल्याने विंडोज नव्याने टाकलं, तेव्हा सगळं मुळावर गेलं. फाइल्सचा बॅकअप सगळे घेतात, सेटिंग्जचा कोण घेतो? आणि माझ्या या आळसापायी एक माणूस चार दिवस स्वतःच्या हातावर संशय घेत बसला.

लॅपटॉपवाल्यांसाठी दोन गोष्टी. टचपॅड बंदच पडला, तर आधी वरच्या ओळीत टचपॅडचं चित्र असलेली कळ एफएन धरून दाबून बघा. पुष्कळदा चुकून तीच दाबली गेलेली असते. अपडेटनंतर बिनसलं असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या डिव्हाइसच्या 'ड्रायव्हर' टॅबमध्ये 'रोल बॅक ड्रायव्हर' असतं. ते फिकं दिसलं तर जुना ड्रायव्हर शिल्लक नाही असं समजा.

आणि आजचं काम, पाच मिनिटांचं. घरात आई, बाबा, मामा, जे कोणी कॉम्प्युटर वापरतात, त्यांच्या माऊसच्या सेटिंग्जचा मोबाइलने फोटो काढून ठेवा. पुढच्या अपग्रेडनंतर त्यांचा फोन आला की "तुम्हाला जमत नाही" म्हणू नका. आधी फोटो उघडा.

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!