वाचून केलेली सही
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. चारचौघींत बोलण्याची सवय नाही. पण लशीच्या अभ्यासात मी नाव दिले होते, ते सर्वांना सांगावे, असा कार्यवाहबाईंचा आग्रह पडला.

२०२१ च्या एप्रिलमध्ये आमच्या जाऊबाई करोनाने गेल्या. वय त्रेचाळीस. लस घेण्याची त्यांची पाळीच आली नव्हती. त्या वर्षअखेर, माझे दोन डोस झाल्यावर, एका रुग्णालयात तिसऱ्या डोसच्या अभ्यासासाठी माणसे हवी असल्याचे कळले. जाऊबाईंची आठवण झाली आणि मी गेले.

तिसरा डोस कशाला? आपण पितळेच्या भांड्याला कल्हई लावतो. ती हळूहळू उडते, मग पुन्हा लावावी लागते. लशीचेही काहीसे तसेच. भांडे डोळ्यांनी दिसते. शरीराचे मात्र रक्त तपासूनच कळते. त्यासाठी कोणाला तरी हात पुढे करावा लागतो.

तेथे एका मुलीने बरीच पाने पुढे ठेवली व म्हणाली, "इथे सही करा." मी म्हटले, "घरी नेऊन वाचते." दोन रात्री वाचले आणि चार प्रश्न लिहून नेले. डॉक्टरांनी शांतपणे उत्तरे दिली. कोणती लस मिळणार? पूर्वीचीच की दुसरी, ते चिठ्ठी टाकल्यासारखे ठरेल. आधी सांगणार नाहीत. त्या लशीमुळे अपाय झाला तर? उपचार व भरपाई देण्याचा नियम आहे. मध्येच सोडले तर? केव्हाही सोडा, कारण सांगावे लागत नाही. यजमानांची सही हवी का? नको, सज्ञान बाईची स्वतःची सही पुरते. कागदाची एक प्रत आपल्याला मिळते, तीही मी मागून घेतली.

मुंबईत प्लेगची साथ होती, तेव्हा १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन साहेबांनी आपली लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर ती भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांना दिली. त्या कैद्यांना मनापासून "नाही" म्हणता आले असते का, असे माझ्या मनात येते. पुढे बरोबर १२५ वर्षांनी, १० जानेवारी २०२२ ला, आपल्या देशात तिसरा डोस सुरू झाला. मधल्या काळात "नाही" म्हणण्याचा हक्क कागदावर आला, ही मोठी गोष्ट होय.

मला दोन दिवस ताप आला. सासूबाई रागावल्या, "घरात कामे थोडी होती का?" मी ताप मोजून वहीत लिहीत गेले. सहा महिने रक्त द्यायला जावे लागले. एकदा फार कंटाळा आला, सोडावेसे वाटले. पण सोडता येते हे ठाऊक होते, म्हणूनच शेवटपर्यंत गेले. मनाविरुद्ध गेले असते, तर आज हे सांगायला उभी राहिले नसते.

सर्वांनी नाव द्यावे, असे मी म्हणत नाही. ज्यांची प्रकृती नाजूक आहे, त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारावे. एवढेच सांगते की, कोणी कागद पुढे केला तर आधी वाचा. अडले तर विचारा. वाचता येत नसेल तर विश्वासाच्या माणसाकडून वाचून घ्या. मग हो म्हणा किंवा नाही म्हणा. दोन्ही आपलेच.