आधी अभ्यासाचा कायदा



अमेरिकेच्या राजधानीत, वॉशिंग्टनला, नवव्या रस्त्यावर विटांचे तीन मजली घर आहे. तिथे १९२२ पासून १९५० साली मरेपर्यंत इतिहासकार कार्टर वुडसन राहिले. एकेकाळी गुलाम असलेल्या आईबापांच्या पोटी १८७५ साली जन्म. तरुणपणी कोळशाच्या खाणीत राबले. काम सुटले की निरक्षर खाणकामगारांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचे. चाळीत आम्हीही तेच केले, म्हणून हा माणूस आम्हाला परका वाटत नाही. विसाव्या वर्षी हायस्कुलात गेले आणि १९१२ साली हार्वर्डचे पीएच. डी. झाले!

काळ्या लोकांना इतिहासच नाही म्हणणाऱ्यांना त्यांनी याच घरातून उत्तर दिले. खाली संस्थेची कचेरी, पुस्तकांचे गठ्ठे. वर राहायची खोली. १९२६ चा पहिला नीग्रो इतिहास सप्ताह त्यांनीच सुरू केला.

पुढे घर ओस पडले. २००० साली कायदा झाला, पण कसला? घर जतन करता येईल का, याचा नुसता अभ्यास करायचा! विधेयक आणणाऱ्या एलेनॉर होम्स नॉर्टन राजधानीच्या प्रतिनिधी, पण सभागृहात कायद्यावर अंतिम मत द्यायचा हक्क त्यांना नव्हता. तरी त्या कागदाच्या आधारे २००३ साली स्मारकाचा कायदा झाला आणि २००५ साली घर राष्ट्रीय उद्यान खात्याकडे आले.

आपल्या चाळी पुनर्विकासात चालल्यात. जुन्या कार्यकर्त्यांच्या खोल्यांचे नंबर, त्यांच्या पेट्यांतली हस्तपत्रके यांची नोंद करायला आम्ही वही आणली आहे. सभा सुटल्यावर दाराशीच बसतो.