विलायतेंतील जुनीं घरें आणि त्यांची ऊब



आपल्यांपैकीं कित्येकांचीं मुलें विलायतेंत राहतात, आणि हिवाळा आला कीं त्यांची एक तक्रार ठरलेली असते : घर तापतच नाहीं. तें घर बहुधा व्हिक्टोरिया राणीच्या अमदानींतील, म्हणजे १८३७ ते १९०१ या काळांतील असतें. नऊ इंच जाडीची भरीव विटांची भिंत, वरखालीं सरकणाऱ्या खिडक्या आणि खोलीखोलींत भिंतींतील कोळशाची शेगडी.

या शेगडीपुढें बसलें कीं छाती भाजे आणि पाठ गारठे. दोष धुराड्याचा. तापलेली हवा त्यावाटें वर जाते आणि तिची जागा घेण्यास खिडक्यांच्या फटींतून थंड हवा आंत ओढली जाते. जाळ मोठा, तर वाराहि मोठा! काउंट रम्फर्ड या शास्त्रज्ञानें १७९६ सालीं यावर निबंध लिहिला. धुराड्याचा गळा सुमारें चार इंचांवर आणून व शेगडीच्या बाजू तिरकस करून त्यानें उष्णता खोलींत परतविली. पुढें १९५२ च्या लंडनमधील घातक धुरक्यानंतर १९५६ सालीं कायदा झाला, कोळसा हळूहळू गेला आणि गॅसचे बंब आले. शेगडी विझली, धुराडें मात्र उघडेंच राहिलें! विकत घेतलेली ऊब तें आजहि आकाशांत सोडीत असतें.

म्हणून नवा बंब घेण्यापूर्वीं त्या गळ्यांत लोंकरीचा बोळा बसवावा. पुन्हा जाळ करावयाचा झाल्यास तो आठवणीनें काढावा, नाहींतर विषारी वायु खोलींत कोंडेल. माळ्यावर २७ सेंटिमीटर जाडीचा लोंकरीचा थर घालावा. सूर्यास्तास जाड पडदे ओढावेत.

परंतु फटी बुजविण्याच्या उत्साहांत घराचा श्वास कोंडूं नये. चुन्यांत रचलेली भिंत ओल शोषते आणि सोडते. तिला सिमेंटचा गिलावा केला कीं ओल आंत अडकते, आणि ओली भिंत कोरडीपेक्षां अधिक उष्णता बाहेर घालविते. याहून मोठी चूक पायाशीं होते. फळ्यांच्या जमिनीखालीं हवा खेळावी म्हणून बाहेरच्या भिंतींत सच्छिद्र विटा बसविलेल्या असतात. गार वारा येतो म्हणून त्या बुजविल्या, तर खालच्या तुळया कुजूं लागतात. आणि कित्येकदां हें कळतें तें पाय फळींतून खालीं गेल्यावरच! फळ्यांमधील फटी खुशाल भराव्यात, विटांस हात लावूं नये. मुलांस कांहीं कळवावयाचें असेल, तर त्या विटांचें तेवढें आधीं कळवा.