अब्रू ‘गेली’ म्हणजे कोणी नेली?

(विरार येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



एका कबुलीने सुरुवात करते. बऱ्याच वर्षांपूर्वी मी बी.ए.च्या वर्गाला इंग्रजी शिकवत होते. अभ्यासक्रमात टॉमस हार्डीची ‘टेस’ होती. गरीब घरातली मुलगी, नातं आहे असं समजून श्रीमंताच्या दारी कामाला पाठवलेली. रात्र, धुकं, जंगल. ती पाचोळ्यावर दमून झोपलेली आणि तिच्यावर वाकलेला अ‍ॅलेक. तिथे कादंबरीचा पहिला भाग संपतो. दुसरा सुरू होतो तेव्हा मध्ये काही आठवडे गेलेले असतात आणि टेस सामान उचलून घरी निघालेली असते. मध्ये काय झालं ते पानावर नाही.

एका विद्यार्थिनीने उत्तरात लिहिलं की अ‍ॅलेकने तिच्यावर बलात्कार केला. इंग्रजीत, सरळ ‘रेप’ हा शब्द वापरून. मी लाल शाईने समासात लिहिलं, ‘कादंबरीत असा उल्लेख नाही, सिड्यूस म्हणा’, आणि दोन गुण कापले.

ती मुलगी नालासोपाऱ्याहून यायची. चर्चगेट ते बोरिवली अशी बायकांची खास लोकल 5 मे 1992 रोजी सुरू झाली आणि पुढच्या वर्षी ती विरारपर्यंत आली, हे तुम्हाला ठाऊकच आहे. ती का सुरू करावी लागली, हेही इथल्या बायकांना कोणी सांगायला नको. तर रोज त्या गर्दीतून येणारी मुलगी पानावरच्या कोऱ्या जागेत काय आहे ते वाचू शकत होती, आणि मला, पदवी घेतलेल्या बाईला, तिथे फक्त कोरी जागा दिसत होती. आजचं व्याख्यान त्या दोन गुणांबद्दल आहे असं समजा.

‘सिड्यूस’ला मराठीत काय म्हणाल? फूस लावणं, नादी लावणं, फशी पाडणं. पण घराघरांत बायका बोलतात ती वाक्यं आठवा. तिची अब्रू गेली. तिचं पाऊल वाकडं पडलं. ती फसली. ती बाटली. नको ते झालं. जरा शिकलेले असतील तर, अतिप्रसंग घडला. शाळेत आपल्याला वाक्यातला कर्ता शोधायला शिकवलं होतं. शोधा बरं. गेली कोण? अब्रू. आपणच चप्पल घालून बाहेर पडल्यासारखी. वाकडं काय पडलं? पाऊल, तेही तिचंच. घडला कोण? प्रसंग. एवढ्या वाक्यांत पुरुष नावाचं माणूस एकदाही आलेलं नाही. मराठी व्याकरणात भावे प्रयोग आहे, पण हा त्याच्याही पुढचा आहे. यात कर्ता गावातून पळून गेलेला असतो आणि वाक्य त्याला जाऊ देतं.

‘बलात्कार’ हा शब्द तरी कुठे नेमका होता? मुळात त्याचा अर्थ बळाने केलेली कोणतीही गोष्ट. धर्मशास्त्रात कर्जवसुलीच्या एका प्रकाराचंही हेच नाव आहे. ऋणकोला घरी आणून, मारहाण करून पैसे काढायचे, तो बलात्कार. आज आपण ज्या अर्थाने तो वापरतो तो अर्थ त्याला हळूहळू चिकटला. म्हणून जुनी पुस्तकं वाचताना फक्त हा शब्द शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही.

इंग्रजीतही अगदी हीच अडचण होती. तिथे कादंबरी बाळसं धरत होती तेव्हा ती लिहिणाऱ्यांत बायका पुष्कळ होत्या. डेलारिव्हिए मॅन्ली, एलायझा हेवूड. हेवूडची ‘लव्ह इन एक्सेस’ 1719-20 ची. त्यांच्या गोष्टींत पालक म्हणवणारे पुरुष पोरक्या मुलींना ‘वश’ करतात, दारं आतून लागतात, मुलगी नाही म्हणते, मग निम्मं हो म्हणते, मग मूर्च्छित होते. शतकानुशतकं समीक्षकांनी हा सगळा मामला चावट करमणूक म्हणून बाजूला ठेवला. 1992 मध्ये रॉझ बॅलस्टर यांनी या प्रेमकथांवर पुस्तक लिहिलं तेव्हा कुठे त्या गंभीरपणे वाचल्या जाऊ लागल्या. टोनी बावर्स यांचं 2011 चं पुस्तक तर नावातच प्रश्न विचारतं: बळ की फसवणूक? मला त्यातला प्रतिकाराचा मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो. बाईने किती विरोध केला म्हणजे तो विरोध मोजला जाईल? ओरडली, पण शेवटी गप्प झाली, तर गप्प होणं म्हणजे होकार का? अठराव्या शतकातल्या गोष्टी या एका धारेवर उभ्या आहेत.

शतक संपता संपता दोघींनी पडदा बाजूला केला. मेरी वुल्स्टनक्राफ्टची अपुरी कादंबरी तिच्या मृत्यूनंतर 1798 मध्ये छापली गेली. त्यात जेमायमा नावाची मोलकरीण आपली कहाणी स्वतः सांगते, मालकाने काय केलं ते सांगते, आणि मालकिणीने तिलाच घराबाहेर काढलं तेही सांगते. पुढच्याच वर्षी मेरी हेजची ‘द व्हिक्टिम ऑफ प्रेज्युडिस’ आली. तिच्यातली नायिका न्याय मागायला निघते तेव्हा तिच्यावर बळजबरी करणारा सरदारच तिला सुनावतो की तुझी गोष्ट खरी मानणार कोण.

आता आपल्याकडे या.

1881 साली सुरतेच्या सेशन्स कोर्टात विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेवर खटला चालला. नवजात मूल मारल्याचा. फाशी झाली, पुढे ती कमी करून काळं पाणी. वर्तमानपत्रं विधवांच्या अनीतीवर रकानेच्या रकाने लिहू लागली. ते वाचून बुलढाण्यात एक बाई संतापली. ताराबाई शिंदे. तिचं ‘स्त्रीपुरुषतुलना’ 1882 मध्ये पुण्याला छापलं गेलं. त्यातला सगळा राग एका प्रश्नाभोवती आहे: मूल एकटीला होतं का? मी म्हणेन, मराठीत कर्ता शोधायला निघालेली ही पहिली लेखिका. आणि समीक्षकसुद्धा, हे आपण विसरतो. ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ या त्या काळच्या लोकप्रिय कादंबऱ्या तिने वाचल्या होत्या आणि त्यांतल्या बायका तशा का रंगवल्या, याचा जाब विचारला होता. विद्यापीठातला माणूस ज्याला ‘स्त्रीवादी वाचन’ म्हणतो ते तिने कोणत्याही विद्यापीठाशिवाय केलं. त्यानंतर तिने काही छापलं नाही. पुस्तक हरवलं. स. गं. मालशे यांनी ते 1975 मध्ये पुन्हा छापलं म्हणून आज आपल्या हाती आहे.

जोतीरावांचीही एक नोंद इथे सांगायला हवी. त्यांच्या मित्राच्या घरी काशीबाई नावाची ब्राह्मण विधवा स्वयंपाकाला होती. शेजारच्या एका शास्त्र्यापासून तिला दिवस गेले, बाळ विहिरीत टाकलं गेलं, ती अंदमानात गेली. शास्त्री घरीच राहिला. 1884 च्या टिपणात जोतीराव त्या शास्त्र्याला वाक्यातून निसटू देत नाहीत. फुले दांपत्याने पुण्यात 1863 मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं त्यामागे अशीच दुःखं होती.

मग कादंबऱ्यांत हे आलं का? साळूबाई तांबवेकरांची ‘चंद्रप्रभाविरहवर्णन’ 1873 ची. मराठीत कादंबरी लिहिणारी ही पहिली बाई. पण कादंबरी जुन्या अद्भुतरम्य वळणाची. काशीबाई कानिटकरांनी ‘रंगराव’ लिहिली, आणि आनंदीबाई जोशींचं चरित्रही लिहिलं. त्या चरित्रातली माणसं खरी आहेत. आनंदीचं लग्न नवव्या वर्षी झालं, चौदाव्या वर्षी मूल झालं आणि दहाच दिवसांत गेलं. हे आकडे आपण डॉक्टर झालेल्या पहिल्या भारतीय बाईच्या कौतुकात पटकन ओलांडतो. त्या वेळच्या कायद्याप्रमाणे संमतीचं वय होतं दहा वर्षं. कलकत्त्यात फुलमणी नावाची जेमतेम दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या संभोगाने मेली, त्यानंतर 1891 मध्ये ते बारा झालं. त्या बारावरून पुण्यात केवढा गदारोळ झाला! ‘टेस’ पुस्तकरूपाने आली तीही 1891 मध्येच. तारखा जुळतात यात काही जादू नाही, पण एकाच वर्षी दोन देशांत एकाच प्रश्नावर माणसं घसा खरवडत होती हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

त्याआधी मुंबईत रखमाबाईंनी नवऱ्याच्या घरी जायला नकार दिला होता. बालपणी झालेलं लग्न मी मानत नाही, असं त्यांचं म्हणणं. नवऱ्याने दावा लावला. 1887 मध्ये न्यायालयाने सांगितलं, जा, नाहीतर तुरुंग. त्या म्हणाल्या, तुरुंग चालेल. त्यांनी कादंबरी लिहिली नाही, टाइम्स ऑफ इंडियात टोपणनावाने पत्रं लिहिली. पण माझ्या मते आपल्याकडची जेमायमा तीच. लग्नाच्या आतही ‘नाही’ म्हणता येतं, हे पहिल्यांदा कायद्यापुढे उभं राहून म्हणणारी.

आणि हरि नारायण आपट्यांची यमू? पुरुषाने लिहिली म्हणून तिला वगळू नका. ‘पण लक्ष्यांत कोण घेतो?’ मध्ये विधवा झालेल्या यमूचं केशवपन तिच्या इच्छेविरुद्ध होतं. मी ते पान अनेकदा शिकवलंय. बंद खोली, धरून ठेवणारे हात, न्हाव्याचा वस्तरा, आणि घरची माणसं म्हणतात तिच्याच भल्यासाठी. त्या काळचा मराठी लेखक शरीरावरची दुसरी जबरदस्ती पानावर आणू शकत नव्हता. ही आणू शकत होता. माझं मत असं की त्या वस्तऱ्यात दुसरीही गोष्ट आहे. हे पुराव्याने सिद्ध करता येणार नाही, आणि कोणी माझे दोन गुण कापले तर मी तक्रार करणार नाही.

बायकांनी बायकांच्या शरीराबद्दल उघड लिहायला 1933 उजाडावं लागलं. ‘कळ्यांचे निःश्वास’. लेखिका विभावरी शिरूरकर. हे टोपणनाव, मागे बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर. केवढी आग पेटली! ही बाई कोण याचा शोध सुरू झाला, जणू गुन्हा तिनेच केला. पुढे त्यांनी गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या वसाहतीत काम केलं, त्यातून ‘बळी’ आली. आश्रयगृहांतल्या बायकांना भेटून ‘घराला मुकलेल्या स्त्रिया’ हे अभ्यासाचं पुस्तक लिहिलं. मला हा प्रवास फार अर्थपूर्ण वाटतो. कादंबरीत जे धूसर ठेवावं लागत होतं ते त्यांनी समोर बसून, विचारून, लिहून घेतलं. शीर्षकातसुद्धा बघा, घराला ‘मुकलेल्या’. घालवलेल्या नाही. सवयी सहजासहजी सुटत नाहीत, मालतीबाईंच्याही नाही.

या सगळ्या लेखिकांना एका धाग्यात ओवून वाचायचं काम मीरा कोसंबींनी केलं. स्वातंत्र्यापूर्वीच्या मराठी कथात्म साहित्यातल्या लेखिकांवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक 2012 मध्ये आलं. 2015 मध्ये त्या गेल्या. इंग्रजीतल्या हेवूड-मॅन्लीवर कपाटं भरतील एवढा अभ्यास झालाय, आणि आपल्याकडे? मोजायला बोटं पुरतात. ‘स्त्री’ मासिकाचे 1930 पासूनचे अंक कुठल्या ग्रंथालयात कोणत्या माळ्यावर आहेत, हेही शोधत फिरावं लागतं.

कोरी जागा वाचण्याची ही पद्धत न्यायालयातही लागते. 1972 मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केला. बघा, वाक्यात कर्ता आला. सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडलं. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे विरोध नाही. हेवूडच्या बंद दारामागचा तोच तर्क. 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि आपल्या वसुधा धागमवार यांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. विरोध न करणं आणि संमती देणं यांत फरक आहे, एवढंच त्याचं सार. एका अर्थाने ते पत्र म्हणजे उत्तम वाचन होतं, त्यांनी निकालपत्रातली कोरी जागा वाचली. 1983 मध्ये कायदा बदलला. नवरा मात्र आजच्या भारतीय न्याय संहितेतही अपवादच आहे. रखमाबाईंचा दावा अजून पटलावर आहे म्हणायचा.

आता आपल्याच जिल्ह्यातलं पुस्तक. विरारहून डहाणूची गाडी पकडलीत की तासाभरात तुम्ही त्या मुलुखात असता. कायद्याची पदवी घेतलेल्या गोदावरी परुळेकर 1945 मध्ये तिथे गेल्या. तलासरीजवळच्या झरी गावात वारल्यांची परिषद झाली. वेठ बंद करायची, लग्नगडी सोडवायचे. लग्नगडी म्हणजे लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घेतले की नवरा जन्माचा गडी, आणि बायको त्याच्याबरोबर गहाण. मालक तिला कधीही बोलावू शके. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे त्यांचं 1970 मधलं पुस्तक वाचताना मी थांबले ती भाषेपाशी. इथे अब्रू कुठे जात नाही, पाऊल वाकडं पडत नाही. जमीनदार बायकांवर हात टाकतो, असं वाक्य येतं. त्याची जमीन किती, कर्ज किती, त्याने वेठीला किती दिवस राबवलं, तेही येतं. कादंबरी नाही ही. पण ताराबाईंनी विचारलेला प्रश्न इथे नव्वदएक वर्षांनी हिशेबासकट सोडवलेला आहे. इंग्रजीच्या वर्गात मी हे पुस्तक ‘टेस’च्या शेजारी ठेवायला हवं होतं. अभ्यासक्रमात नव्हतं, हे काही कारण नव्हे.

पुनर्मूल्यांकनाची मुदत पंधरा दिवसांची असायची, ती केव्हाच उलटली. ती विद्यार्थिनी आता पन्नाशीकडे झुकली असेल. समोर बसलेल्यांत असेल, तर कार्यक्रम संपल्यावर मला भेटून जावं. शेवटच्या गाडीला अजून बराच वेळ आहे.