शिशाच्या अणुकेंद्रकातील ग्लुऑन आणि कोलकात्याची ‘मानस’



शाळेत काढलेली अणूची आकृती प्रत्येकाच्या स्मरणात असेल : मध्यभागी अणुकेंद्रक, त्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन. या कणांच्याही आत क्वार्क असतात व ग्लुऑन त्यांना बांधून ठेवतात. प्रोटॉनच्या वस्तुमानात क्वार्कांचा स्वतःचा वाटा जेमतेम एक टक्का. उरलेले सारे त्यांच्या गतीच्या आणि ग्लुऑनांच्या ऊर्जेतून येते.

शिशाच्या अणुकेंद्रकात ८२ प्रोटॉन व १२६ न्यूट्रॉन असतात. अशा २०८ सुट्या कणांतील ग्लुऑनांची बेरीज शिशातील ग्लुऑनांइतकी भरते काय? क्वार्कांच्या बाबतीत अशी साधी बेरीज जमत नाही, हे सर्न येथील प्रयोगाने १९८३ साली लोखंडावरून दाखवले होते. ग्लुऑनांना विद्युत्भार नसल्याने त्यांचा शोध अधिक कठीण.

या शोधात कोलकात्याचा हात आहे. मेघनाद साहा यांनी स्थापिलेल्या आणि आज त्यांचेच नाव धारण करणाऱ्या अणुभौतिकी संस्थेत ‘मानस’ नावाची चिप आखली गेली; ती भारतातच तयार झाली. बिकाश सिन्हा यांच्या पुढाकाराने भारतीय शास्त्रज्ञ जिनिव्हाजवळील ‘ॲलिस’ प्रयोगात सहभागी झाले आणि तेथील म्युऑन कणांचा मार्ग टिपणाऱ्या यंत्रणेत ही चिप बसली.

वेगाने धावणारी शिशाची दोन केंद्रके कधी कधी एकमेकांना न भिडता निसटून जातात. तेव्हा एकाभोवतीच्या विद्युत्क्षेत्रातील प्रकाशकण दुसऱ्यावर आदळून ‘जे-साय’ हा कण जन्मतो व क्षणार्धात, कधी कधी दोन म्युऑनांत, विरतो. ग्लुऑन जितके दाट, तितके जे-साय अधिक. २०११ सालच्या नोंदी तपासल्या, तेव्हा ते साध्या बेरजेवरून अपेक्षित संख्येपेक्षा कमी भरले. केंद्रकात एकत्र आलेले ग्लुऑन जणू एकमेकांच्या छायेत झाकले जातात.

या छायेचे पूर्ण स्वरूप अजून उलगडलेले नाही. त्यासाठी अमेरिकेत ब्रुकहेवन येथे इलेक्ट्रॉन व अणुकेंद्रके यांची टक्कर घडवणारे नवे यंत्र योजले आहे. आज या शाळेच्या फळ्यावर अणूची आकृती काढणारी मुले, ते यंत्र चालू होईल तेव्हा संशोधनाच्या वयात आलेली असतील. त्यांना त्या आकृतीपुढचा प्रश्न आजच सांगून ठेवणे, हे शाळेचे काम आहे.