‘बोध’ आणि ‘आनंद’
(डोंबिवली येथे पालकांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



१८८१ हे वर्ष आपल्याला ‘केसरी’मुळे स्मरते. त्याच वर्षी विनायक कोंडदेव ओक यांनी मुलांसाठी ‘बालबोध’ मासिक सुरू केले, याचे स्मरण मात्र क्वचितच होते.

त्यापूर्वी अमेरिकन मराठी मिशनचे ‘बालबोधमेवा’ मुलांच्या हाती जात होते. त्यामागील हेतू धर्मप्रसाराचा होता, हे उघड आहे. परंतु मराठी मुलांना स्वतंत्र मासिक हवे, हे मिशनऱ्यांनी आपल्याआधी ओळखले, हेही मान्य केले पाहिजे. अशा वेळी नुसत्या निषेधाने भागत नाही. तोडीचे काम उभे करावे लागते. शिक्षणखात्यात नोकरी केलेल्या ओकांनी ते केले आणि १९१४ मध्ये निधन होईपर्यंत, सुमारे ३३ वर्षे, अखंड चालविले. चरित्रे, कविता, निबंध आणि त्यांच्या जोडीला शास्त्रीय माहिती! त्यातील उपदेशाचा सूर आज थोडा पंतोजींचा वाटेल. पण नीती आणि विज्ञान यांत त्यांना विरोध दिसला नाही.

१९०६ मध्ये वासुदेव गोविंद आपटे यांनी पुण्यात ‘आनंद’ काढला. नावातला हा बदल मोलाचा आहे. मुलाला आधी गोडी लागावी, संस्कार मागोमाग येतो, हे मर्म त्यात आहे. रामायण-महाभारतही आपट्यांनी मुलांना कळेल अशा भाषेत सांगितले.

वाचनाची परंपरा आपल्या परिसराला नवी नाही. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चे. तरीही आपल्याच घरांतील किती मुले आज मराठीचा एक परिच्छेद न अडखळता वाचतात? सकाळची लोकल गाठणारे आईवडील रात्री थकून परततात, हे मी जाणतो. म्हणून मुलांना आठवड्यातून एकदा संस्कारवर्गाला धाडून आपण निश्चिंत होतो. पण ज्या भाषेत संस्कार सांगायचा, तीच परकी झाली तर तो पोहोचणार कसा?

माझी विनंती लहान आहे. बालभारतीचे ‘किशोर’ १९७१पासून निघत आहे. असे एखादे मासिक घरी येऊ द्या. रात्री दहा मिनिटे मुलाला जवळ घेऊन मोठ्याने वाचा. गोष्ट संपली की लगेच तात्पर्य विचारू नका. ते मुलाचे मुलालाच सापडू द्या. ओकांचे सातत्य आणि आपट्यांची गोडी, दोन्ही घरात आणणे आपल्याच हाती आहे.