लेकीनं शिकायला कुठं जायचं?

 

परवाच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, सह्या झाल्या, तरी एक ताई जागच्या उठेनात. त्यांची लेक एमबीबीएसला आहे. शेवटचं वर्ष सुरू होण्याआधी या मुलांना थोडे दिवस आपल्या आवडीचा विषय निवडून शिकायला मिळतं. त्याला 'इलेक्टिव्ह' म्हणतात. 2019 पासूनच्या नव्या अभ्यासक्रमात ते आलं. कॉलेजनं परवानगी दिली तर बाहेर जाऊनही करता येतं.

लेकीला खेड्यातल्या रुग्णालयात बायकांच्या आजारांचं काम शिकायचं होतं. घरचे म्हणत, पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात जा, नाव होईल. आईच्या मनात वेगळंच. परकं गाव, रात्रपाळी, पोर एकटी. 2024 च्या ऑगस्टमध्ये कोलकात्यात ड्युटीवरच्या शिकाऊ डॉक्टर मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला, ते आपण सगळ्यांनी ऐकलंय. त्यामुळं आईच्या भीतीला आम्ही हसलो नाही. लेकीलाच फोन लावला.

ती म्हणाली, "मावशी, मोठ्या हॉस्पिटलात दिसतात ते तिथवर पोचलेले पेशंट. ज्या बाया पोचतच नाहीत, त्या मला बघायच्यात."

तिचं खरंच होतं. गडचिरोलीच्या दोन गावांत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी 650 बायकांची तपासणी केली. 1989 मध्ये तो अभ्यास 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध साप्ताहिकात छापून आला. शंभरातल्या 92 जणींना स्त्रियांचा एक ना एक आजार निघाला. आणि त्याआधी अशी तपासणी झाली होती शंभरातल्या जेमतेम आठ जणींची! हे शहरातल्या वॉर्डात बसून कुणाला कळलं असतं?

मग आम्ही सगळ्यांनी मिळून विचारायचे प्रश्न काढले. तिथं हातानं काम करायला मिळेल, की नुसतं मागं उभं राहायचं? डॉक्टर शिकवायला वेळ देतात का? हजेरी आणि नोंदवहीवर सही वेळेत मिळेल का? राहायची खोली कुठं, दाराला कडी आहे का, रात्री सोबत कोण? आधी जाऊन आलेल्या मुली काय सांगतात?

लेकीनं दोन ठिकाणी विचारलं. एका ठिकाणी राहण्याचं कुणी नीट सांगेना. ते सोडलं. दुसरीकडं नर्सताईंच्या शेजारी, आवारातच खोली मिळाली. आई म्हणाली, "जा. रोज रात्री फोन कर."

आता एक आपल्यासाठी. शेवटच्या परीक्षेनंतरच्या वर्षात शिकाऊ डॉक्टर गावाकडच्या आरोग्य केंद्रांतही काम करायला येतात. आपल्या केंद्रात अशी पोर आली, तर अंगावरून पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं लपवू नका. तिला मोकळेपणानं सांगा. आपण बोललो तरच ती शिकेल, आणि आपलं दुखणंही अंगावर राहणार नाही.